बिल्ल्याच्या कडेवरची अक्षरं

तांदळाच्या डब्यामागं हात घातला तर हाताला नुसती भिंत लागली. गाठोडं नव्हतं. डबा बाहेर ओढला, पिठाचा ओढला, मसाल्याचे डबे खाली काढले, पोरगी मागनं गाऊनला धरून रडतीय, मी स्टुलावर चढून फळीच्या पार कोपऱ्यापर्यंत हात फिरवला. एक जुनं रबर आणि धूळ, बाकी काही नाही. मग आठवलं. सकाळी चहा पिताना हे म्हणले होते, ती मोड आज नेतो, म्हणजे पोरीचं पैंजण होऊन जाईल एकदाचं. आणि मी चपाती लाटता लाटता म्हणलं, न्या. मान पण वर केली नव्हती.

मोड म्हणजे मोडकीतोडकी चांदी. माझी झिजलेली जोडवी, एक तुटलेली साखळी, पोरीचे बारशातले वाळे. ते सगळं फडक्यात बांधून मी सहा महिने ह्यांच्या मागं लागले होते, न्या, गाळा, पैंजण करा. सहा महिने नेलं नाही. आणि त्याच फडक्यात आठ दिवसांपूर्वी मी माझ्या हातानं आबांचा बिल्ला ठेवला होता.

फोन लावला. रिंग जातीय, उचलत नाहीत. परत लावला. परत. भट्टीचा पंखा चालू असला की दुकानात फोनचा आवाज येत नाही, ते मला माहीत आहे, तरी मी लावतच होते. फरशीवर बसले आणि बसल्याबसल्या लावत होते.

आबा म्हणजे माझे आजेसासरे, ह्यांचे आजोबा. ऐंशीच्या पुढचे आहेत. आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तिकडच्या गावांतनं घरटी एखादा तरी माणूस कुठल्यातरी लांबच्या शहरात सोनं-चांदी गाळायला बसलेला असतो. आबा तीस वर्षं जयपूरात बसले. आता त्याच दुकानात हे बसतात, जौहरी बाजाराच्या एका गल्लीत, अंधारा जिना चढून वर. आम्ही राहतो मुरलीपुऱ्यात, दोन खोल्या. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा मला हिंदी धड येत नव्हतं. आता पोरगी मला भैया म्हणायला शिकवते भाजीवाल्याला.

आणि बिल्ला म्हणजे मेडल. आबांचे आजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते. गावातनं पलटणीत भरती झाले, बोटीनं तिकडं इराकात बसऱ्याला गेले, परत आले नाहीत. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पोरगा पाळण्यात. कधी मेले, कसे मेले, पुरलं का जाळलं, काही नाही. लढाई संपून गेल्यावर पोस्टमन एक छोटी पेटी घेऊन आला, त्यात तो बिल्ला. चांदीचा, रुपयापेक्षा मोठा, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस, वर नारंगी फीत. त्या माणसाचं घरात दुसरं काहीच नाही. फोटो नाही, पत्र नाही. मरायची तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्री अमावस्येला म्हाळ घालतात तेव्हा त्यांच्या नावाचं एक पान वाढतात आणि पानाशेजारी तो बिल्ला ठेवतात. म्हाळाची पाळी भावाभावांत फिरते. ज्याची पाळी त्याच्या घरी बिल्ला जातो. यंदा आमची पाळी. आबा स्वतः बंडीच्या आतल्या खिशात घालून दीड दिवस रेल्वेनं घेऊन आले, आणि उंबऱ्यातच माझ्या हातात दिला. ह्यांच्या नाही, माझ्या. "तू ठेव," म्हणले.

मी कुठं ठेवला? चांदीचा आहे म्हणून चांदीत ठेवला. आमच्या घरात असंच आहे, सोनं एका जागी, चांदी एका जागी. मी एवढाच विचार केला. एवढा पण नाही केला.

आबा दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत सारा आलाय, समोरचं माणूस सावलीसारखं दिसतं त्यांना. पोरीला काखेत मारलं, चप्पल घातली, म्हणलं, आबा, मी दूध घेऊन येते. ते म्हणले, "पोरीला कशाला उन्हाची? ठेव की माझ्यापाशी." मी म्हणलं, ती रडती. आणि जिना उतरले. अंगात गाऊनच, ओढणी कुठंतरी लोंबत.

कोपऱ्यावरनं ई-रिक्षा, मग मिनीबस. बसमध्ये मी उभीच. एका बाईनं पोरीला मांडीवर घेतलं, विचारत होती, क्या हुआ बहनजी, मी नुसती मान हलवत होते. मनात एकच हिशेब चालला होता, की हे नऊला पोचतात, झाडलोट, देवपूजा, भट्टी तापायला वेळ लागतो, पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं घेतात, घरचं मागं ठेवतात. घरचं मागंच ठेवतात. सहा महिने मागं ठेवलं होतं. आज पण ठेवलं असणार. चांदपोलला उतरले तर पुढं जाम. मेट्रोनं बडी चौपड एवढ्यात येते म्हणतात, पण मला त्या सरकत्या जिन्याची भीती वाटते, कडेवर पोर असताना जास्तच. सायकल रिक्षात बसले. त्रिपोलियापर्यंत रिक्षावाल्याला तीनदा म्हणलं, भैया जल्दी. तो शेवटी म्हणला, "उड़ाके ले जाऊँ क्या, भाभी?" मग गप बसले.

गल्लीत शिरले तर भट्टीच्या पंख्याचा आवाज येत नव्हता. म्हणजे पहिलं गाळप झालं होतं. जिना पळत चढले.

वर हे नव्हते. माल पोचवायला गेले होते, फोन चार्जिंगला लावून. भट्टीवर बसतात ते काका, इथलेच आहेत, आबांच्या वेळेपासूनचे, ते पाणी पीत बसले होते. त्यांच्या पायापाशी साचा, आणि साच्यात एक बोटभर जाडीची पांढरी लगड. मी विचारलं, ते घरचं गाठोडं कुठंय. त्यांनी लगडीकडं बोट केलं. म्हणले, भैयाजी बोलके गये थे घर का है, पहले कर दो, बच्ची की पायल बनवानी है.

आज पहिल्यांदाच घरचं आधी घेतलं होतं. लेकीसाठी.

मी म्हणलं, काका, त्यात एक मेडल होतं.

"हाँ, था एक," ते म्हणले. "फीता काटके डाल दिया. ऐसे तो आते ही रहते हैं, भाभीजी."

वाईट बोलले नाहीत. खरंच सांगितलं. माझा चेहरा बघून त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. मी विचारलं, फीत कुठं टाकली. गलाईच्या दुकानात केर बाहेर टाकत नाहीत, धुळीत चांदीचे कण असतात, म्हणून झाडलेलं सगळं पत्र्याच्या डब्यात साठवतात. पोरीला त्यांच्यापुढं बसवलं आणि मी तो डबा जमिनीवर पालथा केला. राख, कोळशाचा चुरा, विड्यांची थोटकं, केस. दोन्ही हातांनी चाळत होते. फीत सापडली. बोटभर, मळून मातकट झालेली, मागं गंजलेली टाचणी. ती मुठीत धरली आणि मग रडायला आलं, तोवर नव्हतं आलं.

हे आले तेव्हा मी तशीच राखेत. काकांनीच सांगितलं. हे जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले, पाठ आमच्याकडं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मान न वळवता म्हणले, "आबांना कळता कामा नये."

मग ह्यांनीच रस्ता काढला. ह्या गल्लीत काय होत नाही? खाली ठसे कोरणारा एक कारागीर आहे, हुबेहूब करतो. अशा बिल्ल्यांचे फोटो मोबाईलवर मिळतात. चांदी तीच वापरायची. फीत आहेच. म्हाळाला नऊ दिवस होते, त्याला दोन दिवस पुरे. आबांना दिसत नाही. गावाकडच्यांनी बिल्ला वर्षातनं एकदा लांबनं बघितलेला. कुणाला कळणार?

मी हो म्हणलं. खरं सांगते, हो म्हणलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की जिन्यात पोरीचा मुका घेतला.

घरी पोचले. आबा तिथंच खुर्चीवर. म्हणले, "मिळालं न्हाई वाटतं दूध." तेव्हा कळलं की माझ्या हातात पिशवी पण नाही.

ते दोन दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. आबांच्या ताटात वाढलं की लगेच आत जायचे. एकदा ते म्हणले, चिंच आहे का घरात, अमावस्येच्या आदल्या दिवशी बिल्ला घासायला काढ, मी घासतो. मी म्हणलं, आहे. आणि संडासात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी हे लवकर आले, मोबाईल घेऊन. फोटोतला बिल्ला तसाच होता, राजा तोच, घोडा तोच. हळू आवाजात म्हणले, कारागीर विचारतोय कडेवर काय कोरायचं. मला कळलं नाही. ह्यांनी मोठं करून दाखवलं. बिल्ल्याच्या जाडीवर, जिथं आपण नाण्याच्या कडेला बोट लावतो तिथं, बारीक अक्षरं असतात. ज्याचा बिल्ला त्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. प्रत्येकाची वेगळी.

मी विचारलं, आपल्या बिल्ल्यावर काय होतं?

ह्यांनी मोबाईल खाली ठेवला. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या भावांना माहीत नव्हतं. आम्ही दरसाल चिंचेनं घासून पानाशेजारी ठेवायचो, हळदकुंकू वाहायचो, आणि कुणी कधी कडेवर बघितलंच नव्हतं. माणसाचं नाव तोंडी ठाऊक, पण नंबर काय, पलटण कुठली, शंभर वर्षांत एकानं वाचलं नव्हतं. मी पण आठ दिवस जवळ ठेवलं, मी नववीपर्यंत शिकलेय, इंग्रजी अक्षरं येतात मला. मी पण नाही.

हे म्हणले, "कुठलाबी नंबर टाकू."

"मग तो दुसऱ्याच कुणाचा तरी होईल की," मी म्हणलं.

"होऊदे. दिसतंय कुणाला?"

"त्या दुसऱ्याचं पान कोण वाढणार मग?"

हे उठून गच्चीवर गेले. मी काही फार शहाणं बोलले असं नाही, तोंडातनं निघालं. पण निघाल्यावर मला कळलं की आता ते माझ्याच्यानं होणार नाही. आपल्या पानाशेजारी परक्या माणसाचा नंबर, आणि आपला माणूस कुठंच नाही. भीती तशीच होती. उलट जास्त होती. पण आता काय करायचंय ते तरी माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी झोपल्यावर, ह्यांनी घरी आणून ठेवलेली ती लगड आणि ती फीत फडक्यात घेऊन आबांपुढं जमिनीवर बसले. हे कामावर. मुद्दाम ते नसताना. मी म्हणलं, आबा, माझ्याकडनं फार मोठी चूक झालीय. आणि सगळं सांगितलं, एका दमात, दुधापासनं कारागिरापर्यंत. मधे थांबले असते तर परत सुरू झालं नसतं. सांगून झाल्यावर लगड त्यांच्या मांडीवर ठेवली.

आबांनी ती उचलली. अंगठ्याचं नख तिच्या कडेवरनं फिरवलं, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. गुळगुळीत. परत फिरवलं. मग फीत नाकाजवळ नेली, वास घेतला.

आणि विचारलं, "जोडवी बी ह्यातच?"

मी म्हणलं, हो. वाळे पण.

संध्याकाळी भाकरी घेतली नाही. हे आले, त्यांना कळलंच, चेहऱ्यावरनंच. ह्यांनी आबांच्या पायाला हात लावला तर आबांनी पाय मागं घेतला.

सकाळी मी भांडी घासत होते तर हाक मारली. "बाई, वही हाय का घरात?"

ह्यांची एक जुनी डायरी होती, ती घेऊन बसले. आबा खुर्चीत पुढं वाकले. हाताच्या तळव्याकडं बघत होते, दिसत नसताना. त्यांचे तळवे म्हणजे सगळे भाजल्याचे डाग. मग म्हणले, आणि हे मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण त्यांनी घरात कुणालाच कधी सांगितलं नव्हतं:

"माझ्या हातनं असलं लई गेलं, पोरी. हिकडं सगळी फौजेतली गावं. म्हाताऱ्या यायच्या, सुना यायच्या, न्हाईतर पोरंच इकायला घिऊन यायची. फीत कापायची आन् भट्टीवरच्या मुशीत टाकायचं. चांदी ती चांदी. एकदा एक म्हातारी बिल्ला दिऊन खाली उतरली आन् दम खात परत वर आली. म्हणली, जरा एकदा हातात दे. मी म्हणलं, गेला. गेला न्हवता. पाटावरच हुता, माझ्या गुडघ्याखाली. मला पुन्हा तराजू काढायचा कंटाळा आल्ता."

मी डायरी घट्ट धरून बसले.

"घरात आपला बिल्ला हाय, दरसाल आपण पुजतो, आन् तरी मला काय वाटलं न्हाई. एकाचं बी नाव वाचलं न्हाई मी. आता आपला त्यातनंच गेला." मग म्हणले, "हात आण हिकडं."

माझा उजवा हात उघडून त्यांनी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि तळव्यावर नखानं एक उभी रेघ ओढली. म्हणले, काठी. मग दोन गोल, एकावर एक. म्हणले, दोन लाडू.

आबांची आजी, म्हणजे ज्याचा बिल्ला त्याची बायको, तिला अक्षर येत नव्हतं. पण नवऱ्याच्या बिल्ल्याच्या कडेला काहीतरी लिहिलंय हे तिला पोस्टमननं सांगितलेलं. आबा लहान असताना ती त्यांना मांडीत घ्यायची, त्यांचं बोट धरून त्या कडेवरनं फिरवायची, आणि प्रत्येक खुणेला तिनं आपलं आपलं नाव ठेवलं होतं. काठी, लाडू, साप, फणी, तंबू, कुदळ, बेचकं. रोज संध्याकाळी. जसं आपण पोरांना बडबडगीतं म्हणून दाखवतो तसं ती नवऱ्याचा नंबर म्हणून दाखवायची. आबा पुढं शाळेत गेलेच नाहीत, पंधराव्या वर्षी भट्टीवर बसले, पण नखाला ते पाठ राहिलं. दरसाल चिंचेनं घासताना नख फिरायचंच.

तीन दुपारी लागल्या. बिल्ल्याच्या वर फितीची कडी असते तिथनं सुरू करायचं, उजवीकडनं जायचं. ते नखानं तळव्यावर काढायचे, मी डायरीत काढायचे, तसंच, खूण म्हणून. मग त्याचं अक्षर करायचे. साप, फणी, पळी, चंद्र, बेचकं. ते इंग्रजीत जुळवलं तर सिपॉय निघालं, म्हणजे शिपाई. मी ओरडले, आबा, शिपाई लिहिलंय. ते म्हणले, "मग? कलेक्टर असंल असं वाटलं व्हतं का तुला?" तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

नाव निघालं. आमचंच आडनाव, पण इंग्रजांनी भलतंच लिहिलेलं, हे लिहितात तसं नाही. कारागिरानं कोरलं असतं तर तिथंच चुकलं असतं. पलटण निघाली. दोन ठिकाणी आबांना आठवेना, अर्धा चंद्र डावीकडं उघडा का उजवीकडं. मी म्हणलं, काहीतरी एक लिहू का? नको म्हणले. तिथं रिकामी जागा सोडलीय. अजून रिकामीच आहे.

चतुर्दशीला सासूबाई आल्या गावाकडनं, थोरल्या दिरांबरोबर. हे म्हणले होते, आईला मी सांगतो नंतर, सावकाश. मी म्हणलं, मीच सांगते. पाणी दिलं आणि सांगितलं. त्या आतल्या खोलीत बसल्या होत्या, हातातलं पाणी प्याल्या नाहीत.

"शंभर वर्सं सांभाळलं आमी," त्या म्हणल्या. "तुज्याकडं आठ दिस ऱ्हायलं न्हाई."

बाहेरनं आबा म्हणले, "सांभाळलं म्हंजी काय केलं आपण, सुनबाई? वर्सातनं एकदा चिंच लावली. काय लिवलं हुतं त्यावर, सांग बरं."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. पण राग काही गेला नाही, आणि का जावा.

अमावस्येला सगळं केलं. खीर, वडे, गवार, भोपळा, आमटी. केळीची पानं इथं मंडईत शोधून आणावी लागतात. त्यांच्या पानाशेजारी लगड ठेवली, त्यावर फीत, आणि बाजूला डायरी उघडी. आबा म्हणले, वाच. मी घाबरले, सगळे पुरुष बसलेले, थोरले दीर, ह्यांचे दुकानातले काका पण आले होते. नंबर वाचला, एकेक आकडा. शिपाई. नाव. पलटण. रिकाम्या जागेपाशी थांबले आणि पुढं गेले. शेवटपर्यंत वाचलं. आमच्या घरात ते पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं वाचलं होतं.

मग गच्चीवर घास ठेवला तर कावळा येईना. जयपूरात जिकडं बघावं तिकडं कबुतरं. ती धावत आली, दीर त्यांना हाकलत होते. आबा खालनं म्हणले, "खाऊदे. लांब मेलेलं माणूस, ज्याच्यातनं यायला जमंल त्याच्यातनं यील." शेवटी एक कावळा आला, बराच उशिरा.

पैंजण झालं नाही. ती लगड कुणाला परत भट्टीत घालवेना. त्यात आता माझी जोडवी, लेकीचे वाळे आणि ते, सगळं एक झालंय, वेगळं काढता येत नाही. आबा जाताना लगड इथंच ठेवून गेले. पुढच्या साली पाळी दिरांची, तेव्हा जाईल, डायरीसकट.

एक मात्र मी केलं. दुकानात एक वही ठेवली. असा बिल्ला गाळायला आला की आधी कडेवरचं वाचायचं आणि वहीत उतरवायचं, मगच मुशीत टाकायचं. हे पहिल्यांदा नको म्हणले. गिऱ्हाइकाला घाई असते, त्याचा माल, आपल्याला काय करायचंय. मी म्हणलं, तुम्हाला वेळ नसला तर मी येऊन बसते. आणि बसते. आठवड्यातनं दोनदा, पोरीला घेऊन, त्याच बसनं. काका कुरकुरतात पण बिल्ला आला की बाजूला काढून ठेवतात, भिंग पण आणलंय त्यांनी स्वतःचं. आतापर्यंत चार लिहिलेत. मागच्या महिन्यात सीकरकडचा एक पोरगा आला होता, चांगल्या कपड्यातला, आजोबांचा बिल्ला घेऊन. मी विचारलं, कुठल्या पलटणीत होते, त्याला माहीत नव्हतं. मी वाचून दाखवलं. म्हणला, अच्छा? लिख लो जी. आणि मोबाईल बघत बसला. मी म्हणलं, एकदा तरी हातात घ्या. घेतला त्यानं. थोडा वेळ. मग परत दिला. मी लिहून घेतलं, काकांनी फीत कापली. फीत मी वहीला टाचली.

सासूबाई फोन करतात, पण पोरीशी बोलतात. मी घेतला की म्हणतात, बरं हाय, ठेवते. फोन ठेवल्यावर हे कधी कधी म्हणतात की दोन दिवसांत काम झालं असतं, आबा सुखात राहिले असते, आई बोलत राहिली असती, कुणाचं काय गेलं असतं. चिडून नाही म्हणत. खरंच विचारतात. आबा गावाकडं आहेत, दीर सांगतात की बसल्याबसल्या अंगठ्याचं नख आपल्याच बोटावरनं फिरवत असतात.

मी चुकले ते मला माहीत आहे, गाठोड्यात ठेवलं तिथं चुकले. पण पुढचं, सांगितलं ते? तुमच्या मुठीत ती राखेतली फीत असती, घरी दाराशी डोळ्यानं अधू म्हातारा बसलेला असता, आणि जिन्याखाली तसलाच बिल्ला करून द्यायला माणूस तयार असता, तर तुम्ही काय केलं असतं?